व्याधाचा जागर आणि कोकणची पारध

माघ वद्य चतुर्दशीची रात्र चढत असते. देवगड तालुक्यात, समुद्राच्या अगदी काठाशी उभ्या असलेल्या श्रीक्षेत्र कुणकेश्वरी दर्शनार्थींची रांग सरकत असते. यात्राकाळात गावोगावच्या देवस्वाऱ्या तरंगांसह, वाद्यांच्या गजरात तीर्थस्नानासाठी या किनाऱ्यावर येतात. ‘हर हर महादेव’च्या घोषात लाटांचा आवाज मिसळून जातो. अशा वेळी गर्दीतून क्षणभर बाजूला व्हावे आणि मान वर करून आकाशाकडे पाहावे. माथ्यावरून पश्चिमेकडे कलू लागलेला मृग तेथे दिसतो. त्याच्या मध्यभागी एका ओळीत असलेल्या तीन तारका म्हणजे मृगाच्या अंगात रुतलेला बाण, आणि त्याच ओळीच्या रोखाने आग्नेयेकडे लखलखणारा, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे व्याध. खाली शिवाचा जागर चाललेला असतो आणि वर शिकारी व हरीण यांची अनादी पारध.

महाशिवरात्रीसारख्या परम पवित्र दिवसाच्या कथेचा नायक कोणी ऋषी नाही, राजा नाही; तो एक शिकारी आहे. असे का असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोकणातील माणसाला फार लांब जावे लागत नाही. ज्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक आहे आणि ज्याला रानाची प्रत्येक वाट ठाऊक आहे, असा एखादा तरी पारधी आमच्या पिढीने आपल्या गावात पाहिलेला आहे.

कथेतील शिकारी

श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीस पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’मुळे व्याधाची कथा मराठी घराघरांत पोहोचली. दिवसभर रान धुंडाळूनही व्याधाला शिकार मिळत नाही. घरी मुलेबाळे उपाशी असतात. रात्री तो जलाशयाकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. नेम धरताना आड येणारी पाने खुडून खाली टाकतो आणि ती नकळत झाडाखालच्या शिवलिंगावर पडतात. पहिल्या प्रहरी पाण्यावर हरिणी येते. तिच्या पोटात गर्भ असतो. ‘प्रसूत होऊन परत येते’ असे वचन ती देते. मग दुसरी हरिणी येते, शेवटी मृग येतो. प्रत्येक जण परत येण्याचे वचन देऊन जातो आणि पहाटे सारे कुटुंब दिल्या शब्दाला जागून व्याधापुढे उभे राहते. व्याधाच्या हातून धनुष्य गळते. मृगाला आकाशात नक्षत्राचे स्थान मिळते.

ही कथा भाविकाला भक्तीची वाटते. रानात रात्री काढलेला शिकारी ती ऐकतो तेव्हा त्याला आणखी काही जाणवते. कथा रचणाऱ्याला शिकार बारकाईने ठाऊक होती! माघ-फाल्गुनात ओढे आटू लागतात आणि जनावर उरलेल्या पाणवठ्यांवर येऊ लागते. शिकारी पाठलाग करीत नाही, उंचावर बसून वाट पाहतो. समोरची फांदी मोकळी करतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही. पाण्यावर बहुधा मादी आधी येते. नर मागे रेंगाळतो, कानोसा घेत अखेरीस उतरतो. उपवास, जागर आणि मौन ही तिन्ही व्रते व्याधाने पाळली खरी. परंतु ती त्याच्या धंद्याचीच अंगे होती. शिवाने ती पूजा म्हणून स्वीकारली, हेच या कथेचे मर्म होय.

रानातील रात्र

सिंधुदुर्गात पारधीचे दोन प्रकार पूर्वापार चालत आले. पहिला हाक्याचा. गावातील दहा-पंधरा माणसे कुत्री घेऊन रानाच्या एका अंगाने आरडाओरड करीत, डबे वाजवीत पुढे सरकायची आणि दुसऱ्या अंगाला जनावराच्या ठरलेल्या वाटांवर बंदूकवाले बसायचे. दुसरा प्रकार बसण्याचा. पाणवठ्याजवळच्या झाडावर किंवा शेताच्या कडेच्या माळ्यावर एकट्याने रात्र काढायची. वारा तोंडावर यावा अशी जागा निवडायची, विडी ओढायची नाही, खोकला आला तर तोंडात पंचा कोंबायचा. असे बसायला शिकण्यातच आयुष्याची काही वर्षे जात.

रान कानांनी वाचायचे असते, हे ही जुनी माणसे सांगत. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. ते एकाच जागी थांबून पुन्हा पुन्हा भुंकू लागले की जवळपास वाघरू आहे असे समजावे. सांबर खुराने जमीन आपटून मोठ्याने इशारा देते. आणि पिसोरी, म्हणजे शिंगे नसलेले, जेमतेम तीन-चार किलो वजनाचे, सशाएवढे इवले जनावर, दिसता दिसता पाचोळ्यात नाहीसे होते. शास्त्रज्ञ त्याला खऱ्या हरिणांत धरत नाहीत. कोकणच्या पारध्याने मात्र त्याला हरिणातच गणले.

एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वीची ही गोष्ट. आमच्या आजोळी वायंगणी भाताच्या राखणीला घरातील वडीलधारे जात. आम्ही त्यांना ‘आबा’ म्हणत असू. माघातील एका चांदण्या रात्री हट्ट करून आम्हीही त्यांच्याबरोबर माळ्यावर चढलो. मध्यरात्र उलटल्यावर व्हाळाच्या काठाने एक भेकर उतरले. बंदूक आधीच सरळ झाली होती. श्वास रोखून आम्ही बार ऐकण्याची वाट पाहत होतो. तेवढ्यात तिच्या मागून, पाय अडखळत, पिल्लू बाहेर आले. आबांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली. दोघे पाणी प्यायली आणि निघून गेली. बऱ्याच वेळाने आम्ही हळूच विचारले, “आबानू, बार कित्याक नाय घातल्यात?” ते म्हणाले, “तान्या पोराची आवस ती. तिका मारून मी खंय जातलंय?”

त्या वर्षी शिवरात्रीला देवळात व्याधाची कथा ऐकताना आबा आमच्या शेजारीच बसले होते. त्यांच्या डोळ्यांकडे पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

देवाचा कौल

आबांसारख्यांची ही मर्यादा कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. रान कोणाचे, हा प्रश्न कोकणी माणसाने फार पूर्वीच सोडवून ठेवला होता. रान देवाचे, राखणदाराचे. म्हणून हाका सुरू करण्यापूर्वी रानाच्या तोंडाशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाई आणि जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. शिकार मिळाली तर तिचे वाटे होत. ज्याचा बार लागला त्याला मानाचा वाटा, त्यानंतर इतर बंदूकवाले, मग हाकेवाले. न मागता मिळालेले आणि एकट्याने खाल्लेले पचत नाही, अशी समजूत होती.

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत श्रीदेवी भराडीच्या जत्रेशीही पारधीची परंपरा जोडलेली आहे. ही जत्रा पंचांगातील ठरावीक तिथीला भरत नाही. शेतीची कामे आटोपल्यावर ग्रामस्थांनी एकत्र यावे, देवीचा कौल घ्यावा, रानडुकराची पारध व्हावी आणि मगच जत्रेचा दिवस मुक्रर करावा, असा हा परंपरेचा क्रम. त्यामुळेच ही जत्रा २०२४ साली २ मार्चला, तर २०२५ साली २२ फेब्रुवारीला भरली. लाखोंचा समुदाय जिच्या दर्शनाला लोटतो, त्या देवीच्या उत्सवाचा आरंभ शेतकऱ्याच्या भाताची आणि कंदांची नासाडी करणाऱ्या जनावराशी जोडलेला असावा, यात अर्थ आहे. पारध ही मौज म्हणून नव्हे, तर शेतीचे रक्षण म्हणून, तीही देवीच्या अनुज्ञेने, असा तो अर्थ होय.

शास्त्रकारांचा कलही याच बाजूला दिसतो. मनुस्मृतीने राजाच्या वासनेतून जन्मणाऱ्या व्यसनांची यादी दिली, तिचा आरंभच मृगयेपासून केला. हरिणाच्या रूपातील ऋषीवर बाण टाकून पांडूने शाप ओढवून घेतला. कांचनमृगाच्या मागे प्रभू रामचंद्र धावले आणि सीतेचे हरण झाले. आपल्या महाकाव्यांत हरिणावर सुटलेला बाण बहुधा परतून मारणाऱ्यालाच लागलेला आहे.

बत्ती आली, मर्यादा गेली

मग ही मर्यादा मोडली कशी? आमच्या मते ती प्रथम प्रखर विजेरीने मोडली. कपाळाला बत्ती बांधून रात्री रानात शिरणाऱ्याला बसण्याचे शिक्षण लागत नाही. झोताने दिपलेले हरीण जागच्या जागी खिळते. तेथे ना नर पाहिला जातो, ना मादी, ना पोटातील जीव. अंधारात दिसतात ते केवळ दोन चमकते डोळे. पुढे मोटारी रानाच्या उरापर्यंत गेल्या आणि मांसाला गिऱ्हाईक आले. तारेची फासकी तर त्याहून निर्दय. तिला डोळेच नाहीत. डुकरासाठी लावलेल्या फासात भेकर अडकते, कधी बिबळ्या. वाटे गेले, त्याबरोबर गाऱ्हाणेही गेले.

कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणाऱ्या हौशी शिकारीचे उरलेसुरले दारही बंद झाले. आज सांबर, भेकर, पिसोरी यांतील कोणत्याही प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. पिसोरी तर पहिल्या अनुसूचीत असून तिच्या शिकारीबद्दल किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

मात्र येथे शेतकऱ्याची बाजू विसरून चालणार नाही. रात्रीत उभे भात लोळविणारी रानडुकरे, बागायतीत शिरणारे गवे, २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गाकडे उतरू लागलेले हत्ती, यांचा ताप शहरात बसून कळत नाही. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने या जिल्ह्यात आहेत ते उगीच नव्हेत. परंतु परवाना पिकाच्या राखणीचा असतो, हरिणाच्या मांसाचा नव्हे. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराविषयीही वनखात्याची अनुमती हवी, आणि नुकसानीची भरपाई वेळेवर मिळायला हवी. ती उशिरा मिळाली की फासकीला निमित्त मिळते, हे शासनानेही ध्यानी घ्यावे.

रान पुन्हा अभय देऊ शकते, याचे उदाहरण शेजारीच आहे. फोंडाघाट चढून गेले की लागणारे दाजीपूरचे रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. १९५८ साली त्याचे अभयारण्य झाले. आपल्या जिल्ह्यातही २०२० मध्ये तिलारीचे रान संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. जेथे हाके उठत, तेथे आता पाणवठे राखले जातात. व्याधाच्या हातून धनुष्य गळाले, त्याचेच हे आजचे रूप नव्हे काय?

पहाटेचा प्रहर

‘पारध’ या शब्दाचा संबंध कोशकार संस्कृत ‘पापर्द्धि’शी जोडतात. त्या शब्दात पाप आहे आणि ऋद्धीही आहे. भुकेल्या घरासाठी केलेली शिकार आणि हौसेसाठी केलेली हत्या यांतील सीमा किती बारीक आहे, हे त्या एका शब्दाने सुचविले आहे. ती सीमा व्याधाने ओळखली. समोर उभ्या असलेल्या हरिणीच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला, आणि तिने तो खरा केला.

येत्या जून महिन्यात सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करील आणि कोकणचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावील. ज्याला व्याधाने अभय दिले, त्याच मृगाच्या नावाने आपली पेरणी सुरू होते. आजच्या जागराच्या रात्री शिवाला बेल वाहताना एवढे जरी स्मरले, तरी व्हाळाच्या काठी पाण्यावर उतरणाऱ्या त्या आईला आणि तिच्या पिल्लाला निर्भयपणे पाणी पिता येईल. आबांची बंदूक कधीच पोलीस ठाण्यात जमा झाली. शिवरात्र मात्र दरवर्षी येते, आणि त्या रात्री व्याध आजही आकाशात जागा असतो.