बाजेवरचा रुग्ण: गेवराई तालुक्यातील शुश्रूषा आणि पुनर्वसन

शुश्रूषा आणि पुनर्वसन ही दोन्ही कामे एका छताखाली करणारी निवासी केंद्रे मोठ्या शहरांत आता ठिकठिकाणी दिसत असली, तरी बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात अर्धांगवायू झालेल्या, म्हणजे बोलीत अंगावरून वारे गेलेल्या, किंवा मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाची दीर्घकाळची व्यवस्था मुख्यतः घरातच लागते. धुळे–सोलापूर महामार्गावरील गेवराई गावात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि गंभीर रुग्णाला तेथून बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेता येते. जीव वाचवण्याची ही साखळी असली, तरी रुग्ण घरी परतला की ती संपते. वृद्धांसाठी उभारलेले लोखंडी सावरगावचे केंद्रही अंबाजोगाई तालुक्यात, गेवराईपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

घरातील शुश्रूषेच्या कामाला सेवाभाव पुरतो, अशी समजूत आहे. वस्तुतः ते शिकावे लागणारे कौशल्य आहे. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर शरीराचा भार सतत पडून तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळल्याने होणारी जखम, तयार होते. तिची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न फिकटणारी लाली, जी सावळ्या त्वचेवर सहज दिसत नाही, म्हणून तेथे उष्णता आणि कडकपणा हाताने चाचपून पाहावा लागतो. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलणे हा त्यावरचा मुख्य उपाय असून, झोळ पडलेल्या बाजेवर तो फार कठीण होतो. लुळ्या हाताला धरून ओढल्यास खांद्याचा सांधा निखळू शकतो. गिळण्याच्या स्नायूंवर परिणाम झाला असेल, तर पाणी आणि चहा श्वासनलिकेत उतरण्याची भीती दाटसर पेजेपेक्षा अधिक असते, त्यामुळे घास आणि घोट दोन्ही रुग्णाला ताठ बसवूनच द्यावे लागतात. अर्धांगवायूनंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो आणि नेमके तेच महिने व्यायाम शिकवणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाविना सरणे, हे या भागातील खरे नुकसान आहे.

त्यात ऊसतोडीचे स्थलांतर येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने घरातील सर्वांत सशक्त दोन माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. मागे उरते ती बहुधा म्हातारी, जिच्या स्वतःच्या गुडघ्यांनाच आधार हवा असतो. शुश्रूषेची उणीव येथे माणसांच्या मायेची नसून हंगामाच्या गणिताची आहे, हे नीट ध्यानात घ्यायला हवे.

केंद्र सरकारच्या 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटी यांची तरतूद आहे. आराखड्यातील गृहभेट गेवराईत खऱ्या अर्थाने उपयोगी पडायची, तर ती हंगामाच्या तोंडावर, घरी राहणाऱ्या माणसाला शिकवण्यासाठी झाली पाहिजे. एकट्या म्हातारीलाही कूस बदलता येते: रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडून, पलीकडचा हात छातीवर घेऊन, एक तळवा त्याच्या पलीकडच्या खांद्यामागे आणि दुसरा पलीकडच्या खुब्यामागे ठेवावा, आणि पाठीचा जोर लावण्याऐवजी स्वतःच्या शरीराचा भार मागे नेत त्याला आपल्याकडे वळवावे; नंतर त्याच्या पाठीशी घडी केलेली गोधडी आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी.