लकव्याच्या पेशंटचं ट्रोपोनिन वाढलं, म्हणजे हार्ट अटॅकच का?

जुळे सोलापुरातून आजचा भाग, ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी लिहून.

समजा, घरात कुणाला लकवा मारला. दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला, ईसीजी झाला, रक्त तपासायला गेलं. थोड्या वेळाने मोबाईलवर रिपोर्ट येतो आणि ट्रोपोनिनसमोर 'हाय' दिसतं. लगेच फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, "हार्ट अटॅकपण आलाय!" थांबा. तसं असेलच असं नाही.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. म्हणजे ही टेस्ट 'इजा झाली' एवढंच सांगते, 'कशामुळे' ते नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडणं हे एक कारण. किडनी अधू असेल, हार्ट फेल्युअर असेल, ठोके फार जलद पडत असतील, तरी आकडा चढतो. आणि कधी कारण खुद्द मेंदूच असतो. मेंदूतला 'इन्सुला' हा भाग हृदयाच्या कामावर लक्ष ठेवतो. लकव्यात त्याला धक्का बसला की ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं एकदम वाढतात आणि त्याचा ताण हृदयाला सोसावा लागतो.

बर्लिनच्या डॉक्टरांनी 2016 साली छापलेला 'ट्रेलास' अभ्यास बघा. ट्रोपोनिन वाढलेल्या लकव्याच्या 29 पेशंटची अँजिओग्राफी केली. हार्ट अटॅकला जबाबदार धरावा असा अडथळा फक्त 7 जणांत सापडला. हृदयविकाराच्याच तक्रारीने आलेल्या तेवढ्याच पेशंटमध्ये तो 23 जणांत होता.

मग ओळखायचं कसं? काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा झपाट्याने चढला-उतरला तर इजा ताजी. जवळपास तसाच राहिला तर बहुतेक जुनी. जोडीला ईसीजी, इको आणि छातीत दुखण्याची तक्रार बघतात. दोन रिपोर्ट ताडताना एकक तपासा: मिलिलिटरमागे 0.05 नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरमागे 50 नॅनोग्रॅम.

एवढा काथ्याकूट कशाला? कारण हार्ट अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी जोरदार औषधं देतात. लकवा ताजा असताना तीच औषधं मेंदूत रक्तस्राव घडवू शकतात. उलट, खरा अटॅक निसटला तरी जिवाला धोका. म्हणून एका आकड्यावर निकाल लावायचा नाही.

यात तुमचंही काम आहे. लकव्यात पेशंटला बोलता येत नसेल, तर तुम्हीच सांगा: आधी छातीत दुखत होतं का, स्टेंट आहे का, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का.

आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. त्यामुळे तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं की आधी 108 लावा, ग्रुपवर मेसेज नंतर!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.