दोष फक्त वयाचा नाही

म्हातारपणी माणूस पडायचाच, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. पण वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात घरातले धोके हटवल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी, तर आधी पडलेल्या किंवा रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांमध्ये ३८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे दोष एकट्या गुडघ्यांचा नाही. न्हाणीघरातल्या गुळगुळीत ओल्या फरशीचा, सरकणाऱ्या पायपुसण्याचा आणि अंधारात न दिसणाऱ्या उंबरठ्याचाही आहे.

एवढ्यासाठी घराची तोडफोड कशाला, असं कुणी म्हणेल. ती लागतच नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलची दांडी शरीराचं वजन पेलत नाही), पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा आणि मागे पट्टा असलेली चप्पल, एवढ्यानं सुरुवात होते. ‘त्यापेक्षा त्यांना एका जागी बसवून ठेवा’ हा सल्ला मात्र अंगाशी येतो. हालचाल थांबली की स्नायू झिजतात आणि तोल आणखी बिघडतो. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल, तर त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं.