बॅडमिंटनच्या वाड्यावर घोडा उधळला!

‘बॅडमिंटन’ म्हटलं की तुम्हांला रॅकेट आणि फूलच आठवणार! पण हे नाव आलं कुठून, ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून. याच वाड्याच्या आवारात १९४९ सालापासून घोडेस्वारीची एक मोठी स्पर्धा भरते. या खेळाला म्हणतात इव्हेंटिंग.

एकच स्वार, एकच घोडा आणि परीक्षा मात्र तीन! पहिली ड्रेसाज. घोडा जणू नाचाचे पदन्यास करतो. स्वाराने तोंडाने ‘चल’ म्हणायचं नाही. फक्त मांड आणि लगाम यांचे इशारे.

दुसरी क्रॉस कंट्री. सहा किलोमीटरहून लांब वाट. ओंडके, चर, तळी ओलांडत दौडायचं. हे अडथळे जागचे हलत नाहीत. गंमत म्हणजे स्वार आदल्या दिवशी चालत सारी वाट पाहून ठेवतो. घोडा मात्र ती प्रथमच पाहतो! तळ्यात उडी मारायची ती केवळ पाठीवरच्या माणसावर विश्वास ठेवून. घोडं अडलं की २० दंडगुण.

मग पशुवैद्य घोडा तपासतात. लंगडला तर स्पर्धेबाहेर, मग स्वार पहिला का असेना! शेवटी शो जंपिंग. दांडी पडली की ४ गुण दंड. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला.

तीन परीक्षा का? हा मूळचा घोडदळाचा खेळ. घोडा संचलनात शिस्तीचा, रानात धीट आणि दुसऱ्या दिवशीही ताजातवाना हवा ना! १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर यात फक्त लष्करी अधिकारीच उतरले होते. आज स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरतात.

प्रेक्षकांची तर चंगळच! एका जागी बसून राहायचं नाही. आईबाबांबरोबर हिरवळीवरून भटकायचं, आवडीच्या अडथळ्यापाशी दोरीलगत उभं राहायचं, टापांचा आवाज ऐकायचा आणि भूक लागली की डबा उघडायचा.

आपणही यात मागे नाही बरं का! १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’वर स्वार होऊन सुवर्णपदक जिंकलं. २०१८ साली जकार्तात फौआद मिर्झाने रौप्यपदक मिळवलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तो २३वा आला.

टीव्हीवर ही स्पर्धा लागली, तर घोड्याचे कान बघा. पुढे टवकारलेले दिसले की समजा, गडी उडीला तयार आहे!