मासा आजारी की पाणी आजारी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांच्या आजारावर लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या वर्षी हा विषय मला निकडीने शिकावा लागला, आणि शिकताना असे दिसून आले की ज्याला जमाखर्च कळतो त्याला मत्स्यपेटीही कळू शकते.

माझ्या मामांच्या घरची साठ लिटरांची काचेची पेटी दोन वर्षे माळ्यावर पडून होती. गणपतीच्या सुमारास ती पुन्हा मांडली. खडे धुऊन उन्हात वाळवले, गाळणीचा स्पंज स्वच्छ केला, नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी सहा गोल्डफिश आणून सोडले. आठव्या दिवशी सहाही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. दहाव्या दिवसापर्यंत दोन दगावले. दुकानदाराने मासे न पाहताच निळे औषध दिले. सहावीत शिकणारी माझी मामेबहीण मात्र एकच प्रश्न विचारीत होती, "दादा, माझ्या हातनं मेले काय रे ते?"

त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर आधी पेटीचा हिशेब समजावून घ्यावा लागतो. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजून त्यात भर पडते. चालू पेटीत खड्यांवर आणि स्पंजवर राहणारे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलताना निघून जाते. पेटी कोरडी पडली की हे जीवाणू नष्ट होतात आणि त्यांची वस्ती पुन्हा बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जमेची बाजू रोज वाढते, खर्चाच्या बाजूला काहीच नाही, आणि शिल्लक राहते ती माशाच्या अंगावर. हे विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे नितळ असूनही जीवघेणे असू शकते.

म्हणून निदान करताना मी तीन प्रश्न विचारायला शिकलो.

पहिला प्रश्न: सगळे मासे एकदम आजारी पडले की एकामागून एक? सगळ्यांना एकाच वेळी त्रास होत असेल, तर प्रथम संशय पाण्यावर घ्यावा. एकापासून सुरुवात होऊन इतरांत पसरत असेल, तर रोगाचा विचार करावा.

दुसरा प्रश्न: केव्हा? पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे कासावीस झाले, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन आठवावे. पहिल्या पंधरवड्यात अमोनिया, त्यानंतरच्या आठवड्यांत नायट्राइट, असा सर्वसाधारण क्रम असतो.

तिसरा प्रश्न: दिसते काय? कल्ले लाल व सुजलेले असतील, तर अमोनियाची शंका घ्यावी. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते व कल्ले तपकिरी दिसतात. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि दगडाला अंग घासणे, ही मात्र परोपजीवी जंतूची खूण. हा जंतू कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून पडतो, तळाशी त्याची पिल्ले होतात आणि ती पोहत निघाली म्हणजेच औषध लागू पडते. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करू नये.

आमच्या माशांवर ठिपके नव्हते. तेव्हा औषध बाजूला ठेवून तपासणीचे थेंब आणले. नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गडद हिरवे झाले. रंगपट्टीवर अमोनिया लिटरला चार मिलिग्रॅम. शिवाय पाण्याचा सामू आठ होता. सामू सात असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, आठ असताना सुमारे पाच टक्के, म्हणजे दसपट!

उपाय साधेच होते. रोज एकतृतीयांश पाणी बदलायचे, तेही क्लोरीन घालवून. हवेचे बुडबुडे वाढवायचे. खाणे एक दिवसाआड, चिमूटभर. शेजारच्या अण्णांच्या पेटीतले मासे निरोगी होते. त्यांच्या गाळणीतल्या जुन्या स्पंजचा तुकडा मागून आणला आणि ओला असतानाच आमच्या गाळणीत ठेवला. तुकडा देताना अण्णा म्हणाले, "स्वल्प ताळी," म्हणजे थोडा दम धरा. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट वाढले तेव्हा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातले. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सहाव्या आठवड्यात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. उरलेले चारही मासे वाचले.

मामेबहिणीला मी हा सारा हिशेब वहीत मांडून दाखवला. मासे तिच्या हातून मेले नव्हते. सहा जणांची घाण निस्तरणारे पेटीत कोणीच नव्हते, इतकेच.

निळे औषध त्या दिवशी ओतले असते, तर जे थोडे जीवाणू रुजू लागले होते तेही मेले असते. बंद पडलेली पेटी पुन्हा सुरू करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: प्रथम एक-दोनच मासे सोडावेत, स्पंज पेटीच्याच काढलेल्या पाण्यात खंगाळावा, आणि मासा मलूल दिसला की औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासावे.