गुडघे दुखत असले तरी समुद्र दिसावा!

सहलीचा बेत ठरतो, गाडी ठरते, फराळाचे डबे भरायला घेतो आणि मग घरातले वडीलधारे माणूस हळूच म्हणते, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.” फारच आग्रह केला, तर येते, पण किनाऱ्यावर पोहोचल्यावर पुन्हा तेच. “मी गाडीत बसते. तुम्ही पाय भिजवून या.” आपण भिजून, भेळ खाऊन, शिंपले गोळा करून परत येतो. आणि ज्या सासूबाईंनी, आईने किंवा आत्याने उभा जन्म आपल्यासाठी पाय झिजवले, ती गाडीच्या काचेतून नारळीच्या झावळ्या बघत बसलेली असते.

मैत्रिणींनो, हे टाळता येते. समुद्र म्हणजे वाळू नव्हे. वाळूत पाय न ठेवताही लाटांचा आवाज ऐकू येतो, खारा वारा लागतो, सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. सहल ठरवताना आपण विचारतो, “तिथे बघायला काय आहे?” त्याऐवजी आधी एवढे विचारावे : “गाडी कुठवर जाते, आणि तिथून बसायच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत?” या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

कुठे जावे?

मुंबईत कोणाकडे जाणे झाले, तर मरीन ड्राइव्हइतकी सोयीची जागा नाही. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटर सपाट, रुंद पदपथ. मध्ये चढ नाही, उतार नाही, वाळू नाही. दमले की कठड्यावर टेकावे. पण रस्ता ओलांडायची वेळ येऊ देऊ नका. टॅक्सी समुद्राच्या बाजूलाच थांबवायला सांगा.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनला किनाऱ्याच्या कडेने फरसबंदी पायवाट आहे आणि बसायला कट्टे आहेत. काठी घेऊन चालणाऱ्यांना वाळूत न उतरता लाटांच्या शेजारून फिरता येते. जवळच्याच हरिहरेश्वरला मात्र देवदर्शन करावे आणि प्रदक्षिणेचा मोह आवरावा. ती वाट खडकातल्या पायऱ्यांवरून खाली उतरते आणि पुढे समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. धडधाकट माणसालाही तिथे ओहोटीची वेळ सांभाळावी लागते. गुडघेदुखीच्या माणसाने तिकडे वळूच नये.

पण निवांत दोन दिवस हाताशी असतील, तर मी रत्नागिरी सुचवीन. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पूर्ण झाला. या राजवाड्याच्या परिसरातच थिबा पॉइंट आहे. गाडी बागेपर्यंत जाते आणि वरून भाट्याची खाडी, खाडीवरचा पूल आणि पलीकडचा समुद्र असे सगळे एका नजरेत मावते. संध्याकाळी चारनंतर जावे, म्हणजे ऊन उतरलेले असते.

दुसऱ्या दिवशी आरे-वारे मार्गाने गणपतीपुळ्याला निघावे. ही वाट किनाऱ्याकिनाऱ्याने जाते, मध्येच टेकडीवर चढते आणि वरच्या वळणावरून खालची लांबच लांब पुळण दिसते. इथे एक लहानशी युक्ती सांगते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आपण उत्तरेला जातो, म्हणजे समुद्र डाव्या हाताला असतो. तेव्हा आजींना पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवा. परत येताना समुद्र उजवीकडे येतो. त्या वेळी त्यांची जागा ड्रायव्हरच्या मागे. मुलांना खिडकी हवी असते हे खरे, पण मुलांना अजून पुष्कळ समुद्र बघायचे आहेत!

गणपतीपुळ्याचे देऊळ पश्चिमाभिमुख आणि अगदी पुळणीला लागून आहे. दर्शन झाले की देवळाच्या बाजूनेच समुद्र दिसतो. इथे मागचा डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी जागच्या जागी प्रदक्षिणा घालून हात जोडावेत. देवाला ते पोहोचते.

ज्यांना चालणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी आणखी एक आनंद आहे, तो म्हणजे फेरीबोटीचा. दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीच्या खाडीतून २००३ पासून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. जयगडहून तवसाळला शास्त्रीच्या खाडीवरही अशी बोट आहे. आपली गाडी सरळ बोटीवर चढते आणि गाडीत बसल्या बसल्या खाडी ओलांडता येते. काचा खाली करा. ज्या माणसाला होडीच्या फळीवर पाय टाकणे अशक्य, त्यालाही पाण्यावरून गेल्याचे समाधान मिळते.

तिथी बघून निघा

कोकणातल्या माणसांना ठाऊक असलेला एक हिशेब आपणही शिकून ठेवावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून गावातल्या माणसाला विचारून खात्री करून घ्यावी.

याचा आपल्याला उपयोग काय? कठड्यावर किंवा कट्ट्यावर बसूनच समुद्र बघायचा असेल, तर अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडावी. पाणी आपण होऊन जवळ आलेले असते. उलट, खुर्ची वाळूवर न्यायचीच असेल, तर पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ बरी. त्या दिवशी साडेपाचच्या सुमारास ओहोटी असते, पाणी खूप मागे सरकते आणि भाट्यासारख्या सपाट किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू उघडी पडते. त्या वाळूत पाय रुतत नाही. मात्र साडेचारला उतरावे आणि पाणी परतू लागले की आपणही परतावे. पावसाळ्यात हे धाडस मुळीच नको. शेवाळलेल्या धक्क्यांवरही जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

चाकाची खुर्ची आणि इतर तयारी

चाकाची खुर्ची म्हटले की आजींचे डोळे भरून येतात. “मी काय इतकी पांगळी झाले?” त्यांना समजवावे, की छत्री घेतली म्हणून कोणी आजारी होत नाही, लांबच्या वाटेपुरते ते वाहन आहे. घडीची खुर्ची डिकीत मावते. ती विकत घ्यायलाच हवी असे नाही. आजाऱ्याच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत पुष्कळदा भाड्यानेही मिळते.

खुर्ची ढकलायलाही थोडी कला लागते. पुढची चाके लहान असतात, ती मऊ वाळूत रुततात. म्हणून कोरड्या वाळूतून खुर्ची उलटी फिरवून मागे मागे ओढावी. उतारावरूनही उलटीच उतरवावी, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. थांबलात की दोन्ही ब्रेक लावावेत. घरी आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यांना तेलाचा थेंब द्यावा, नाहीतर खारे पाणी लोखंड खाते.

आमच्या सासूबाईंना खुर्ची ढकललेली आवडत नाही. त्यांच्यासाठी मी हात असलेली घडीची खुर्ची नेते. पन्नास पावले चालायचे, बसायचे, पुन्हा पन्नास पावले. अशी त्यांची मजल दरमजल चालते. खुर्चीला हात हवेतच, कारण गुडघे धरलेल्या माणसाला बसण्यापेक्षा उठणे जड जाते.

उंच गाडीत चढण्यासाठी एक भक्कम पाट किंवा बुटके स्टूल बरोबर ठेवा. आधी पाठमोरे होऊन सीटवर बसायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली, तर वळणे सोपे जाते. गाडी निघण्यापूर्वी ती आठवणीने काढून घ्यावी.

मधुमेह असलेल्यांना अनवाणी वाळूत चालू देऊ नका, त्यांनी कितीही हौस केली तरी. पायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याचे कापणे त्यांना कळतही नाही आणि जखम मात्र महिनोन् महिने भरत नाही. मऊ बंद चपला किंवा बूट घालावेत आणि खोलीवर आल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय तपासून कोरडे करावेत.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. पुष्कळ बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण “कुठे जायचे?” हा प्रश्न. म्हातारपणी याचा फार त्रास होतो. म्हणून राहण्याची खोली ठरवताना न संकोचता विचारा : खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? न्हाणीघराच्या दाराला उंबरठा आहे का? दाराची रुंदी टेपने मोजून सांगायला लावा. साधी चाकाची खुर्चीच सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद असते. त्यापेक्षा अरुंद दारातून ती जायची कशी? “आमच्याकडे सगळी सोय आहे,” या उत्तरावर समाधान मानू नका.

दया नको, उतार हवा

हा केवळ आपल्या घरचा प्रश्न आहे असेही समजू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे तो सांगतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांबीची लाकडी वाट बांधली गेली. चाकाच्या खुर्चीतून माणसे थेट पाण्याजवळ गेली. पुढच्याच महिन्यात वादळाने ती वाट मोडली, तेव्हा ती दुरुस्त करून पुन्हा खुली केली. तिकडे होते, तर आपल्या गावच्या किनाऱ्यावर का होऊ नये?

मागणे फार मोठे नाही. कठड्यात तीन फुटांची एक मोकळी जागा, पायरीशेजारी एक उतार, पाठ आणि हात असलेली दोन बाके आणि एक स्वच्छ संडास. उतार करताना एक प्रमाण पाळावे लागते : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांचा उतार. यापेक्षा खडा केला, तर तो नुसता नावाचा. तुमच्या महिला मंडळाने, भिशीच्या गटाने मिळून नगरपरिषदेला असा एक अर्ज दिला, तर त्याचा उपयोग एका आजींनाच नाही, बाबागाडी ढकलणाऱ्या सुनेलाही होईल. आणि खरे सांगू? गुडघे आज सासूबाईंचे दुखतात, उद्या आपलेच दुखणार आहेत.

तेव्हा या वेळी बेत ठरवताना घरातले कोणी “मी घर सांभाळते” म्हणाले, तर ऐकून घेऊ नका. घराला कुलूप लावा, शेजारणीकडे किल्ली द्या, दिनदर्शिकेत अष्टमी कधी आहे ते बघा, आणि त्यांची शाल आपल्या पिशवीत आधी ठेवा. संध्याकाळी समुद्रावर गार वारा असतो.