जन्मभर ऐकावा असा फादो

फादो हे पोर्तुगालचे शहरी गाणे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते लिस्बनच्या आल्फामा, मोरारिया अशा गरीब वस्त्यांत रुजले. जन्मभर एकाच देशाचे संगीत ऐकायचे ठरले, तर फादोसारखी निवड क्वचितच सापडेल. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. पारंपरिक फादोत चाल ठरलेली असते, शब्द मात्र ठरलेले नसतात. मेनोर, कोरिदो आणि मोरारिया या सर्वांत जुन्या चालींचे कर्ते अज्ञात आहेत. छंदात बसणारी कोणतीही कविता त्यांवर गाता येते. गायक शब्दांच्या वजनाप्रमाणे लय ताणतो, सुरावट वळवतो आणि शंभरदा ऐकलेली चाल पुन्हा नवी होते. साथीला १२ तारांची पोर्तुगीज गिटार आणि नेहमीची गिटार एवढे पुरते. कोइंब्रा शहराची परंपरा निराळी. तिथे विद्यापीठातले पुरुष गात आले.

गायिका आमालिया रॉद्रिगिश (१९२०–१९९९) यांनी थोर कवींच्या कविता फादोत आणल्या. नव्या श्रोत्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. २०११ मध्ये युनेस्कोने फादोची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पोर्तुगीज काळापासूनच्या संबंधामुळे गोव्यातही तो गायला जातो. सोनिया शिरसाट हे तिथले आजचे ठळक नाव.